‘ओपॅसिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : मायकेल सीटन यांच्यावर छोटं टिपण लिहितेय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले शास्त्रज्ञ. आधी तेजोमेघांतल्या आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) इलेक्ट्रॉन आदळले की काय होतं याची गणितं, मग १९८०च्या दशकात ‘ओपॅसिटी प्रोजेक्ट’ : ताऱ्यातला वायू प्रारण (रेडिएशन) किती अडवतो, याची आकडेमोड. दोन शब्दांवर अडलेय. ‘अ‍ॅटॉमिक अ‍ॅस्ट्रोफिजिक्स’ला ‘आण्विक खगोलभौतिकी’ म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते. आणि ‘अपारदर्शकता दुप्पट झाली’ हे वाक्य मलाच पटत नाही.

– पहिला घोळ ‘अणुऊर्जा’ या शब्दाने करून ठेवलाय. ती ऊर्जा अणुकेंद्रातली. इथे केंद्र गप्प बसलेलं असतं, उड्या मारतात ते इलेक्ट्रॉन, आणि त्यातून वर्णपटात रेषा उमटतात. ‘अणुखगोलभौतिकी’ लिहा आणि पहिल्याच वेळी अर्ध्या ओळीत खुलासा करा. हिंदी मजकूर समोर असेल तर जपून : त्यांचा ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, आणि त्यांचा ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. या गोंधळात भलेभले सापडलेत.

– ‘अपारदर्शक’ हा हो-नाहीचा शब्द आहे. भिंत अपारदर्शक, काच नाही, संपलं. ताऱ्यातली ओपॅसिटी मोजायची राशी आहे : एक ग्रॅम वायू प्रारणाची किती चौरस सेंटिमीटर वाट अडवतो. ती तापमान, घनता आणि घटकांप्रमाणे बदलते. १९८२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन सायमन यांनी सुचवलं, जड मूलद्रव्यांची ओपॅसिटी दोन-तीन पट धरून पाहा, सेफीड ताऱ्यांच्या स्पंदनांचं (लयीत फुगण्या-आकसण्याचं) गणित निरीक्षणांशी जुळत नाही, ते कोडं सुटेल. सीटन यांचा गट आणि अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेचा गट, दोघांनी वेगवेगळी आकडेमोड केली. आकडे खरंच वाढले. मुख्य कारण लोखंड. ताऱ्यात ते चिमूटभरच, पण त्याच्या आयनांत इलेक्ट्रॉनांच्या उड्या इतक्या तऱ्हेच्या की प्रारणाला मोकळी फट सापडत नाही. ही कथा ‘अपारदर्शकते’त कशी मावणार?

– ‘अपार्यता’ चालेल? पार जाता येत नाही ते अपार्य.

– शास्त्रशुद्ध आहे, पण कानाला ‘अपार’ ऐकू येतं. अपार माया, अपार कष्ट. मी ‘रोध’ घेईन. विजेचा रोध कमी-जास्त होतो हे शाळेपासून अंगवळणी पडलंय. ‘प्रकाशरोध’.

– ताऱ्याच्या पोटात बरंचसं प्रारण क्ष-किरणांचं असतं. ‘प्रकाश’ म्हटलं की वाचक डोळ्यांना दिसणारा उजेडच धरतो. ‘प्रारणरोध’ करा. प्रकल्पाचं नाव मात्र ‘ओपॅसिटी प्रोजेक्ट’च ठेवा, विशेषनामाचं भाषांतर नको.

प्रश्नकर्ती : छान! मग वाक्य असं : ‘सुमारे २ लाख केल्विन तापमानाच्या थरात लोखंडाच्या आयनांमुळे प्रारणरोध एकदम वाढतो.’

– वाढू दे. फक्त ‘लोखंडाच्या’ नको, ‘लोहाच्या’. लोखंडाचा दरवाजा असतो.