मंदक्रोध : राग कमी, की राग उशिरा?

प्रश्न (सांगली)

शेजारच्या काकूंकडे परवा प्रार्थनेला गेले होते. त्यांच्या यजमानांना जाऊन वर्ष झालं, म्हणून चर्चची मंडळी जमली होती. बायबलमधलं स्तोत्र १०३ वाचलं. त्यात परमेश्वराला ‘मंदक्रोध’ म्हटलंय आणि मी तिथंच अडकले. आमच्याकडे ‘मंद’ म्हणजे ढ, नाहीतर विझत आलेला दिवा. राग मंद, म्हणजे देवाला राग येतो तोही पुचाट? घरी विष्णुसहस्रनाम रोज होतं, त्यात ‘जितक्रोध’ आहे. तो शब्द लगेच कळतो, रागावर विजय मिळवलेला. मग इथं तसाच शब्द का घेतला नाही? काकूंना त्या दिवशी विचारणं बरं वाटलं नाही, म्हणून इथं विचारते.

उत्तर (मिरज)

ताई, तुम्ही दोन शब्द शेजारी ठेवलेत तिथंच निम्मं उत्तर आलं. जितक्रोधाचा राग संपलेला असतो. मंदक्रोधाचा संपलेला नसतो, तो सावकाश येतो. ‘मंद’चा मूळ अर्थ हळू. मंदगती म्हणतो तेव्हा गती पुचाट असं आपण म्हणत नाही. शनीला ‘मंद’ म्हणतात ते त्याची चाल संथ म्हणून.

मूळ हिब्रू शब्द तर फार गमतीचा आहे : ‘एरेख अप्पयिम’. शब्दशः ‘लांब नाकपुड्यांचा’. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द, ‘अफ’. आपण चिडक्या माणसाला ‘नाकाच्या शेंड्यावर राग’ म्हणतो, तीच जागा. लांब नाकपुड्या म्हणजे लांब श्वास, रागाचा फूत्कार बाहेर यायला वेळ लागणं, असा अर्थ लावतात. ‘मंदक्रोध’ घडवणाऱ्या भाषांतरकारांनी नाक सोडलं, वेळ मात्र राखला. मला हा शब्द लहानपणापासून पाठ आहे आणि आजही तो फार नेमका वाटतो.

तो पहिल्यांदा कुठं येतो तेही बघा. बायबलचं दुसरं पुस्तक निर्गम, अध्याय ३४. इस्राएल लोकांनी नुकतंच सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केली आहे, त्यांचा पुढारी मोशे, त्यानं रागानं देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या आहेत. आता दुसऱ्या पाट्या घेऊन तो डोंगरावर जातो, आणि तिथं देव स्वतःची ओळख सांगतो : दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. अपराध ताजा असतानाच हा शब्द उच्चारलेला आहे. आणि लगेच पुढच्या वचनात येतं, की दोषी माणसाची तो गय करत नाही. दोन्ही एका दमात.

उत्तर (तासगाव)

मी शेतकरी माणूस, हिब्रू-बिब्रू येत नाही. पण ‘मंद’ म्हटल्यावर मला चूल आठवली. मंद आच म्हणजे विझलेली आच नव्हे. भाकरीला कडक लागते, दूध आटवायला मंद. जाळ तोच.

लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) एक दाखला आहे. मालकानं द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड लावलंय. (आमच्याकडं मळा म्हणत नाहीत, ‘बाग’च म्हणतात, पण पुस्तकात मळा आहे.) तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवतंय? आमच्यापैकी कुणीही हेच म्हणेल, वांझ झाड पाणी खातं. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, भोवतीनं खणतो, खत घालतो. फळ आलं तर आलं, नाहीतर तोडा. झाडाचं पुढं काय झालं ते येशूनं सांगितलंच नाही. ‘मंद’चा अर्थ मला ह्या माळ्यापाशी कळला. नुसतं थांबणं नाही त्यात, थांबलेल्या वर्षात खत पण घालायचं असतं.

उत्तर (सातारा)

वाचून मन भरून आलं, पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या भावकीतल्या एका माणसानं वडिलांचा अंगठा घेऊन जमीन आपल्या नावावर केली. वडील कोर्टाच्या तारखांना जात जात गेले. तो माणूस अजून धडधाकट आहे. तुमचा देव त्याच्या बाबतीत मंदक्रोध असेल, तर त्याला मुदत मिळाली. आम्हाला काय मिळालं? अपराध्याला जी दया, तीच सोसणाऱ्याला उशीर वाटते. ह्या बाजूसाठी शब्द आहे का?

उत्तर (मिरज)

दादा, आहे. ‘कोठवर?’ स्तोत्र १३ ह्याच शब्दानं सुरू होतं : परमेश्वरा, कोठवर? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ज्यांचा वध झाला त्यांचे आत्मेसुद्धा हेच विचारतात. त्यांना कुणी गप्प बसवलेलं नाही, तो प्रश्न शास्त्रातच लिहून ठेवलाय. म्हणजे तुमची तक्रार बाहेरची नाही.

शिवाय योना संदेष्ट्याची गोष्ट. देव त्याला निनवेला इशारा द्यायला पाठवतो, तर तो आधी पळून जातो. निनवे ही अश्शूरची मोठी नगरी, योनाच्या लोकांचे शत्रू. तिथले लोक पश्चात्ताप करतात, देव शिक्षा टाळतो आणि योना भयंकर चिडतो. तो म्हणतो, तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो होतो! स्तुतीचा शब्द त्याच्या तोंडी तक्रार म्हणून येतो. तुमच्यासारखंच त्याला ते सहन होत नाही. देव त्याला झिडकारत नाही, उलट विचारतो, ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं त्या नगरीत आहेत, त्यांची मी कीव करू नये काय?

आता नहूम संदेष्ट्याचं पुस्तक उघडा. तीच निनवे आणि पहिल्याच अध्यायात तोच शब्द, पण ह्या वेळी निकाल जाहीर झालाय. इ. स. पू. ६१२ मध्ये ती नगरी पडली. मुदतीला शेवट होता. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे समाधान पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. मला ते म्हणवत नाही.

प्रश्न (सांगली)

सगळ्यांचे आभार. सातारच्या दादांचं वाचून रात्री बराच वेळ जागी होते. व्याकरणाचं एकच राहिलं. माणसासाठी हा शब्द वापरता येईल का? आणि ‘मंदक्रोधी’ म्हणायचं का?

उत्तर (मिरज)

वापरा की. बायबलमधल्या नीतिसूत्रे १६:३२ मध्ये तोच हिब्रू शब्द माणसासाठी आहे, तिथं असा माणूस वीरापेक्षा श्रेष्ठ ठरवलाय. बायबलच्या दुसऱ्या भागात, नव्या करारात, ग्रीक शब्द ‘मॅक्रोथुमिया’ येतो, त्यातही ‘लांब’ आहेच. मराठीत त्याला बहुतेक ठिकाणी ‘सहनशीलता’ केलंय. प्रेषित पौलाच्या पत्रातलं ‘प्रीती सहनशील आहे’ हे त्याच शब्दातून आलेलं. मला तिथं थोडं हरवल्यासारखं वाटतं, कारण सहनशील माणूस नुसता सोसतो, मंदक्रोध माणूस राग हातात धरून थांबलेला असतो.

‘मंदक्रोधी’ नको. ज्याचा क्रोध मंद तो मंदक्रोध, असा हा बहुव्रीही आहे. तुमच्या ‘जितक्रोध’सारखाच. त्याला आणखी ‘ई’ लावायची गरज नाही.