बिल २,६४० चं, कार्डवर गेले २,९०४: न विचारता लावलेली टिप परत कशी मिळवायची?

परळवाली:
शनिवारी लोअर परळच्या एका रेस्टॉरंटमध्ये जीएसटी धरून २,६४० रुपये बिल झालं. वेटरने मशीन पुढे केलं, क्रेडिट कार्ड टॅप केलं, पिन मागितला नाही. एसएमएस आला २,९०४ चा. बरोबर १० टक्के जास्त. टिपबद्दल कोणी विचारलं नव्हतं. बिल आणि मशीनची स्लिप दोन्ही जवळ आहेत. बँकेत फ्रॉड म्हणून तक्रार टाकू का?

स्लिप_जपा:
ताई, फ्रॉड म्हणू नका. तसं म्हटलंत की बँक आधी कार्ड ब्लॉक करते आणि 'हा व्यवहार मी केलेलाच नाही' असं लिहून मागते. तुम्ही कार्ड स्वतः टॅप केलंय, त्यामुळे ते खोटं ठरेल. तक्रार 'चुकीची रक्कम आकारली' या प्रकारात टाका.

पण आधी रेस्टॉरंट. मशीनचं सेटलमेंट, म्हणजे दिवसभराचे व्यवहार बँकेकडे पक्के करणं, बहुतेक ठिकाणी रात्री हिशेब बंद करताना होतं. त्याआधी कळलं तर अख्खा व्यवहार व्हॉइड (रद्द) करून योग्य रकमेचा नवा करता येतो. तुमचं सेटलमेंट झालेलं असणार, म्हणून २६४ चा रिफंड मागा. तोंडी नको, ईमेलवर. सोबत बिलाचा आणि स्लिपचा फोटो, आणि स्लिपवरचा १२ अंकी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. स्लिपची शाई काही महिन्यांत उडते, फोटो आजच काढा.

तुमची खरी बाजू म्हणजे जीएसटी बिलावरचा २,६४० हा आकडा. स्लिप एकटी दाखवलीत तर बँक म्हणेल, मशीनवर २,९०४ दिसत होते आणि तुम्ही टॅप केलंत. पिनशिवाय टॅप ५,००० रुपयांपर्यंत चालतं, म्हणून पिन टाकताना रकमेकडे जी नजर जाते ती इथे जात नाही.

घाटकोपर_हिशेब:
कार्डाचं बिल मात्र पूर्ण भरा. २६४ रोखून धरले तर व्याज सुरू होतं. पूर्ण भरल्याने तक्रारीचा हक्क जात नाही. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

परळवाली:
मॅनेजरचं उत्तर आलं: 'तो आमचा सर्व्हिस चार्ज आहे.'

स्लिप_जपा:
मग तो बिलावर का नाही? हाच प्रश्न लेखी विचारा. आणि बिलावर असता तरी सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. मॅनेजरचा तो ईमेल जपून ठेवा, त्याने स्वतःच कबूल केलंय की पैसे बिलाबाहेर घेतले. तो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा.

विलेपार्ले_पूर्व:
अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी जोडतो, कारण तिथली पद्धतच वेगळी आहे. कार्ड आधी बिलाच्या रकमेवर चालवतात, मग तुम्ही स्लिपवर टिप आणि टोटल लिहिता आणि वेटर ती रक्कम नंतर मशीनमध्ये भरतो. म्हणून पहिला एसएमएस कमी रकमेचा आणि स्टेटमेंटवर जास्त, हे तिथे नेहमीचं. टिप रोख दिलीत तर त्या ओळीवर आडवी रेघ मारा आणि टोटल स्वतः लिहा, मोकळी सोडू नका. सही केलेल्या स्लिपचा फोटो घ्या.

ताडून पाहताना डॉलरची रक्कम पाहा. रुपयांत विनिमय दराचा फरक असतो, शिवाय बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनासाठी बँकेचं शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तेवढा फरक म्हणजे कोणी टिप वाढवली असं नाही. डॉलरचा आकडा तुमच्या टोटलपेक्षा जास्त असेल तरच बँकेकडे डिस्प्यूट (तक्रार) टाका, फोटो जोडून, आणि स्टेटमेंट आल्या आल्या.