मदत हवी आहे: नववीची मुलं इंग्रजीत तोंडच उघडत नाहीत

खडूची_धूळ
इंग्रजीच्या तासाला मुलं इंग्रजी बोलत नाहीत. सगळं करून झालं. भिंतीवर तक्ते लावले, परिपाठात रोज पाच शब्द घेतले, फळ्यावर सुविचाराच्या जागी इंग्रजी वाक्य लिहितो. पेपरात बरे गुण घेणारं पोरगंसुद्धा उभं केलं की पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतं. 'मे आय कम इन सर' तेवढं सगळ्यांना येतं, तेही आत येऊन बसता बसता म्हणतात. काय करू? ज्यांनी प्रत्यक्ष वर्ग घेतलाय त्यांनीच लिहा. 'वातावरणनिर्मिती करा' हे प्रशिक्षणात ऐकून कान किटलेत. सोमवारपासून काहीतरी सुरू करायचंय.

चिंचगुळ
पट किती? मराठी माध्यम की सेमी? घरी काय बोलतात? तुम्ही स्वतः तासाला किती इंग्रजी बोलता? आणि 'सगळं' म्हणजे नेमकं काय काय केलंत?

खडूची_धूळ
मराठी माध्यम. अर्थ मराठीतच सांगतो, नाहीतर त्यांना कळणार कसा? बाकीच्याचा इथे काय संबंध?

बोखुमचा_बाळू
बायकोच्या नोकरीमुळे जर्मनीत आलो आणि इंटिग्रेशन कोर्सला बसलो. 600 तास भाषा, वर 100 तास इथला कायदा आणि इतिहास. बाईंनी पहिल्या दिवसापासून जर्मनशिवाय चकार शब्द काढला नाही. माझ्या एका बाजूला सीरियन न्हावी, दुसऱ्या बाजूला पोलिश आजी. तिघांत मिळून दुसरी भाषाच नव्हती, पेन मागायचं तरी जर्मनमध्ये. दोन महिन्यांत खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून आजींशी जर्मनमध्ये भांडलो. तेव्हा सर, मराठी बंद करा. पूर्ण बंद.

जुना_फळा
बाळूशेठ, तुमच्या वर्गाबाहेर बेकरीत, ट्राममध्ये जर्मनच होतं. यांच्या शाळेच्या फाटकाबाहेर इंग्रजी कुठंय? दुकानाच्या पाटीवर, तेही चुकीचं. मी 34 वर्षं इंग्रजी शिकवलं. पाया व्याकरणाचा. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हाच म्हणालो होतो की ना धड मराठी, ना धड इंग्रजी होणार. क्रियापदाची तिन्ही रूपं घोकून घ्या, बोलणं आपोआप येतं.

चिंचगुळ
काका, आपोआप आलं असतं तर हा धागा निघाला नसता. पहिलीपासून शिकून मुलं नववीत गप्प आहेत, ती रूपं पाठ नाहीत म्हणून नाही. कधी कोणी बोलूच दिलं नाही म्हणून.

जुना_फळा
आणि परीक्षेचं काय? 2019 च्या मार्चला दहावीच्या भाषांचे तोंडीचे 20 गुण काढले, निकाल 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते 20 गुण परत दिले. शाळाशाळांत ते कसे वाटले जातात हे मला सांगू नका.

ठाणे_वेस्ट
छान चर्चा. मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. सेमी घ्यावं का? आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या आज्या विरोधात आहेत.

ध्येयवेडा_27
रोज इंग्रजी अग्रलेख वाचा, नवे शब्द वहीत उतरवा. बँकेच्या परीक्षेत मला खूप फायदा झाला.

खडूची_धूळ
भाऊ, माझी पोरं नववीची आहेत. अग्रलेख मलाच एका दमात वाचता येत नाही.
चिंचगुळ ताई, तुम्हाला हवी ती माहिती: पट 52, तास 35 मिनिटांचा, मधल्या सुट्टीनंतर लगेच. शाळा यवतमाळ जिल्ह्यात, पुसद भागात. निम्म्याहून जास्त पोट्टे बंजारा तांड्यावरचे, घरी त्यांची गोरमाटी बोलतात. 'मराठी बंद' म्हणणाऱ्यांसाठी: तेही करून पाहिलं. तासाला मराठी बोललं की शब्दामागे एक रुपया दंड. श्रीखंडाचा रिकामा डबा टेबलावर ठेवला होता. पहिल्या दिवशी सात रुपये, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवसापासून एक पैसाही नाही. मला वाटलं, जमलं. मग लक्षात आलं, वर्गात कोणी बोलतच नाहीये.

चिंचगुळ
सर, हा डबा पहिल्या पोस्टमध्ये यायला हवा होता!
त्यांची भाषा आईला 'याडी' म्हणणारी. शाळेत आल्यावर मराठी शिकले, ती अजून अर्धी परकीच. त्यावर इंग्रजी. तुमचा प्रश्न गोरमाटीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत असा फिरून येतो, तेवढ्यात तुम्ही पुढच्याला उभं करता. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी विज्ञानाचे वर्ग टेप करून मोजलं होतं. प्रश्न विचारून शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारेही बोलतात. तुमच्या मुलांना तीनही पुरायचे नाहीत. मनात दहा मोजा.
आणि 52 जणांना एकेक उभं करू नका. 35 मिनिटांत वाट्याला काय येणार, चाळीस सेकंद, तेही सगळ्यांच्या नजरा झेलत. जोड्या लावा. एसटीचं वेळापत्रक घ्या. 'अ'च्या कागदावर काही गाड्यांच्या वेळा गाळलेल्या, 'ब'च्या कागदावर काही गावं. कागद एकमेकांना दाखवायचा नाही, विचारून भरायचा. माहिती खरोखरच दुसऱ्याकडे असली की विचारावं लागतं. तुम्ही 'व्हॉट इज युवर नेम' विचारता तेव्हा नाव तुम्हाला माहीत असतंच, मग पोरगं कशाला सांगेल? आधी चार प्रश्न सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घ्या. अडले तर आपसात गोरमाटी बोलू द्या.

बोखुमचा_बाळू
आपसात आपली भाषा चालू दिली की संपलं.

चिंचगुळ
कागद कसा भरायचा हे समजून घ्यायला चालू द्यायची, भरताना नाही. तुमच्या आजी पोलिशमध्ये पुटपुटत नव्हत्या?

बोखुमचा_बाळू
पुटपुटायच्या. शिव्या असाव्यात.

जुना_फळा
चुकीचं बोलून चूक पक्की होते.

चिंचगुळ
मध्येच अडवलं तर पुढचं वाक्य येतच नाही, काका. फिरत राहायचं, कानावर पडलेल्या चुका टिपायच्या, त्यातल्या तीन शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता फळ्यावर.

खडूची_धूळ
बुधवारी केलं. झेरॉक्सचे पैसे माझे, सांगून ठेवतो. दिग्रस, उमरखेड, वाशीम, माहूर, सगळ्या त्यांच्या ओळखीच्या गाड्या. पहिली आठ मिनिटं नुसता गोंधळ, निम्म्यांनी एकमेकांचे कागद पाहूनच टाकले. मग जोड्या पाठीला पाठ लावून बसवल्या. तेव्हा सुरू झालं. 'व्हेअर बस नाइन थर्टी?' असंच सगळं. जून महिन्यापासून एक शब्द न बोललेली एक मुलगी मागच्या बाकावरून ओरडली, 'नो नो, नाइन थर्टी दिग्रस नाही, उमरखेड!' शेजारच्या वर्गावरचे सर दार उघडून बघून गेले. धडा मात्र मागे पडला आणि चाचणी 15 तारखेला आहे, त्याचं काय करायचं तेही सांगा.

जुना_फळा
'व्हेअर डझ द बस गो'. फळ्यावर लिहिलंत ना?

चिंचगुळ
धडा बाजूला ठेवू नका, त्यातूनच असा कागद काढा. आठवड्यातून दोनदा पुरे. डबा काढला का टेबलावरून?

खडूची_धूळ
फळ्यावर लिहीपर्यंत घंटा झाली, आज लिहितो काका. डबा काढला, ज्याचे त्याचे पैसे परत दिले. अकरा रुपये वाटून झाले तरी एक पोट्टा टेबलापाशी उभाच. म्हटलं, काय? तर हात पुढे करून म्हणतो, 'सर, माय टू रुपीज.' नोंद ठेवली नव्हती. दिले.

ठाणे_वेस्ट
सेमीचं कोणी सांगेल का?