थरार हिशेबाच्या वहीतही असतो
आर्थिक थरारकथेत पाठलाग नसल्याने ती रंगत नाही, हे मत मला मान्य नाही. १७६२ पासून चालत आलेली बेअरिंग्ज ही ब्रिटिश बँक १९९५ मध्ये बुडाली, कारण सिंगापुरात तिचा कर्मचारी निक लीसन स्वतःच बाजारातले सौदे करत असे आणि त्यांच्या नोंदींवरही त्याचेच नियंत्रण होते. त्यामुळे ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात त्याला तोटा दडवत राहता आला आणि तो अखेर ८० कोटी पौंडांच्या पुढे गेला. रोज नोंद उघडी पडण्याची ती धास्ती कोणत्याही पाठलागाहून भीषण आहे. आमच्या सोलापुरात उधारीच्या सुतावर टॉवेल-चादरी विणणारा कारखानदार, सुताचा व्यापारी आणि सहकारी बँक एकमेकांत गुंतलेले असतात. एक धनादेश न वटल्याने ही साखळी कशी कोसळेल, यावर मराठीत कुणीतरी दमदार कादंबरी लिहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.