न्यूट्रल तुटली आणि आप्पांचं ऑक्सिजनचं मशीन जळालं. आता घरात काय काय करून ठेवू?

राजापूरची लेक

नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही राहतो. वडील, म्हणजे आप्पा, ७४ वर्षांचे. सीओपीडी आहे, म्हणजे श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. गेल्या दिवाळीपासून डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन सुरू केलाय, मिनिटाला २ लिटरवर, दिवसातले १५-१६ तास. त्यासाठी ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन, घेतलं.

गेल्या मंगळवारची गोष्ट. दिवेलागण झाली होती, आप्पा कॉटवर बसून पेज घेत होते. बाहेर नुसता वारा, पाऊस नव्हता. एकदम पडवीतला बल्ब पांढराफटक झाला आणि पंखा घोंगावायला लागला. मी मेन स्विचकडे धावले, पण तेवढ्यात मशीनमधून टप्पकन आवाज आला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. ते मशीन दर थोड्या सेकंदांनी फुस्स करतं. आठ महिने रात्रंदिवस तो आवाज कानात बसलाय. तो थांबला तसं घरच मुकं झालं.

सिलिंडर होता घरात, बी-टाइप, कपाटाच्या मागे. चावी मिळेना. आईने ती हरवू नये म्हणून देवघराच्या खणात ठेवली होती आणि आई गेली होती शेजारी. चावी सापडून, रेग्युलेटर बसून ऑक्सिजन सुरू होईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. ऑक्सिमीटर ८९ वरून ७८ वर आला होता, ओठ जांभळे पडले होते. आणि आप्पा त्या सगळ्यात पेजेची वाटी दोन्ही हातांनी धरून बसले होते, अंथरुणावर सांडू नये म्हणून. ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी कळलं की खांबावरची न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाते ती तार, तुटली होती. वाडीत चार टीव्ही आणि दोन फ्रिज गेले. आमच्या मशीनचा बोर्ड जळाला, दुरुस्तीचे ११,५०० सांगितलेत आणि नऊ दिवस लागतील म्हणे. तोवर भाड्याचं मशीन आणलंय. मशीन ज्या स्पाइक बस्टरच्या बोर्डवर होतं तोही आतून काळा पडलाय. मग त्याने वाचवलं काय? इन्व्हर्टर आहे, १५० एएचच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) एका बॅटरीवर. विकणाऱ्याने 'कशालाही चालेल' म्हणून दिला, पण त्यावर लावलं की मशीन वेगळंच घुरघुरतं, म्हणून आम्ही लावत नाही.

पावसाळा तोंडावर आलाय. आमच्याकडे जूनमध्ये वीज दोन-दोन दिवस जाते. स्टॅबिलायझर घेऊ, मोठा यूपीएस घेऊ की जनरेटर? ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी सांगा. एकदाच पैसे घालीन, पण नीट घालीन.

निवृत्त वायरमन

ताई, आधी एक सांगतो. मेन स्विचकडे धावलात ते बरोबर केलंत. बल्ब नेहमीपेक्षा पांढरा दिसला, पंखा पळायला लागला की दुसरा विचार करायचा नाही, मेन पाडायचा. ३४ वर्षं लाइनवर काढलीत, म्हणून खात्रीने सांगतोय.

काय होतं ते समजून घ्या, म्हणजे कोणी काहीही गळ्यात मारणार नाही. तुमच्या घरात एक फेज आणि न्यूट्रल येते, २३० व्होल्ट. खांबावर मात्र तीन फेज असतात आणि दोन फेजमध्ये ४०० च्या वर व्होल्ट असतात. मागे कुठे न्यूट्रल तुटली की दोन फेजवरची घरं एकमेकांच्या माळेत येतात. ज्या फेजवर लोड कमी, तिच्या वाट्याला व्होल्ट जास्त. तिथे ३०० काय, ३५० पण जातात, आणि मेन पाडेपर्यंत जातच राहतात.

स्पाइक बस्टर हे काम करूच शकत नाही. त्यातली चकती विजेच्या कडकडाटाने येणाऱ्या क्षणभराच्या झटक्यासाठी असते. तो झटका सेकंदाच्या लाखाव्या भागात येतो आणि जातो. न्यूट्रलचा दाब मिनिटंच्या मिनिटं राहतो, तिथे ती चकती स्वतःच जळते. एमसीबी तर करंट जास्त झाला तरच पडतो, व्होल्ट जास्त झाल्याचं त्याला कळत नाही. तसंच ईएलसीबीचं, तो गळती बघतो. ती दोन्ही हवीतच, पण त्यांचं काम वेगळं.

तुम्हाला हवा तो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसतो, वर आकडा दिसतो. व्होल्ट २६०-२६५ च्या वर किंवा १८० च्या खाली गेले की तोडतो आणि वीज सुधारली तरी दोन-तीन मिनिटं थांबून मगच जोडतो. मात्र तो बसवायचा कुठे हे महत्त्वाचं. इन्व्हर्टरच्या आधी. वीज असते तेव्हा घरगुती इन्व्हर्टर तीच वीज जशीच्या तशी पुढे सोडतो. मागे एक बारीक स्विच असतो. तो यूपीएसवर असेल तर साधारण १८० ते २६० पर्यंतची वीज घेतो, दुसऱ्या बाजूला असेल तर पार २९० पर्यंतचीही आत सोडतो. बहुतेक घरांत तो दुसऱ्याच बाजूला असतो. तुमचा आज बघा. प्रोटेक्टर आधी बसवला की त्याने लाइन तोडली तर इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, तो बॅटरीवर घेतो आणि मशीन चालू राहतं. हे जमलं की निम्मं काम झालं.

घुरघुरण्याचं म्हणाल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असणार. कॉन्सन्ट्रेटरमध्ये कॉम्प्रेसर आहे. त्याला प्युअर साइन वेव्हच लागतो, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा इन्व्हर्टर, नाहीतर मोटर तापते. तुमचा आहे तो इन्व्हर्टर टीव्ही-पंख्याला ठेवा आणि आप्पांसाठी वेगळा घ्या. मशीनच्या पाठीवर वॅट लिहिलेले असतात, ५ लिटरचं असेल तर साडेतीनशेच्या आसपास. सुरू होताना क्षणभर दुपटी-तिपटीने ओढतं, म्हणून हजार-अकराशे व्हीएच्या (इन्व्हर्टरच्या ताकदीचं माप) खाली जाऊ नका. १५० एएचच्या एका बॅटरीवर कागदावर पाच तास दिसतात, खरे तीनच धरा. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा घेतलात तर सहा-सात तास मिळतील. त्या लाइनवर मशीनशिवाय दुसरं काही नको, मोबाइलचा चार्जरसुद्धा नको. बॅटरी आप्पांच्या खोलीत ठेवायची नाही, चार्ज होताना गॅस सुटतो.

आणि अर्थिंग! जांभ्यात अर्थिंग लागत नाही, पाणी धरत नाही तो दगड. मीठ-कोळशाचा खड्डा करून पाइप खोल घाला, उन्हाळ्यात त्यात पाणी ओता. मग वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजून घ्या. चार-पाचच्या वर दाखवत असेल तर काम झालेलं नाही. विजेच्या झटक्यासाठी बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवतात, तोही झटका अर्थिंगमध्येच सोडतो. अर्थिंग नसेल तर ते पैसे वाया. आणि वळवाच्या कडकडाटात काहीही बसवलेलं असलं तरी आप्पांना सिलिंडरवर घेऊन मशीनची पिन काढा. काढलेल्या पिनेइतकं खात्रीचं काही नाही.

ही कामं लायसनवाल्याकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका.

छातीच्या वॉर्डातली सिस्टर

ताई, काकांनी विजेचं सगळं सांगितलंय. मी त्या सात-आठ मिनिटांबद्दल लिहिते.

सिलिंडर कपाटामागे नको, आप्पांच्या उशाशी हवा. उभा, साखळीने भिंतीला बांधलेला. रेग्युलेटर बसवूनच ठेवायचा, चावी वरच लावलेली. रेग्युलेटरला हात लावताना हाताला खोबरेल, क्रीम काही नको; दाबातला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की पेट घेतं. भरलेल्या बी-टाइपमध्ये साधारण १५०० लिटर असतो. २ लिटरने बारा तास जातो. काटा अर्ध्यावर आला की सहा तास. तुमच्याकडे दोन दिवस वीज जाते म्हणता, तर एक बी-टाइप पुरणार नाही. एक डी-टाइप भाड्याने आणून ठेवा, त्यात ७००० लिटर असतो.

एक चूक घाबरलेली माणसं नेहमी करतात. सॅचुरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, पडलेलं दिसलं की ४-५ लिटर सोडतात. सीओपीडीच्या पेशंटला जास्त ऑक्सिजन घातक असतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस पेंगुळतो आणि घरच्यांना वाटतं बरं वाटलं, झोप लागली. आपण अशांचं सॅचुरेशन ८८ ते ९२ मध्येच ठेवतो. म्हणून सिलिंडरवरही डॉक्टरांनी सांगितलेले २ लिटरच. तरीही वर येत नसेल, ओठ निळे राहिले, बोलताना शब्द तुटायला लागले, तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका.

वीज आल्यावर मशीन सुरू केलंत तरी लगेच नळी बदलू नका. आतल्या गाळणीला नायट्रोजन धरून शुद्धता वर आणायला काही मिनिटं लागतात. दिवा हिरवा झाला की मग बदला.

आणि वीज गेली की आपल्या घरात आधी काय लावतात? मेणबत्ती. त्या खोलीत नाही. निरांजन, उदबत्तीसुद्धा नाही. ऑक्सिजन अंथरुणात, कपड्यांत मुरलेला असतो. बॅटरीचा दिवा हाताशी ठेवा.

लातूरकर

माझी बायको रात्री बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) असते, त्यावरून दोन गोष्टी. त्यातल्या ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवा दमट करणाऱ्या भांड्याचा, हीटर फार वीज खातो. डॉक्टरांना विचारून वीज गेल्यावर तो बंद करतो, बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ पुरते. दुसरं, छतावरच्या सोलरवर विसंबू नका. आमचं ऑन-ग्रिड आहे, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. लाइन गेली की भर उन्हातसुद्धा तेही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. हे आम्हाला बसवल्यावर कळलं. जनरेटर घेतलात तर अंगणात लांब ठेवा, पडवीत नको. धूर आत आला तर दमेकऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

मेलबर्नहून

इथे सासूबाईंना कॉन्सन्ट्रेटर लागला तेव्हा डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म वीज कंपनीला द्यावा लागला. त्यानंतर दुरुस्तीसाठी वीज बंद करायची असेल तर चार कामाचे दिवस आधी लेखी कळवतात. तुमच्याकडे तशी सोय नसली तरी डॉक्टरांचं पत्र जोडून जवळच्या वीज कार्यालयात अर्ज देऊन बघा. पोच घ्या.

राजापूरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

काका, तो बारीक स्विच तुम्ही म्हणालात त्याच बाजूला होता. नवा साइन वेव्ह घेतला, दोन बॅटऱ्यांचा, बाहेरच्या पडवीत ठेवलाय. प्रोटेक्टर त्याच्या आधी. अर्थिंगला गडी लावून खड्डा काढला; चार फुटांवर कातळ लागला, मग विहिरीजवळच्या मऊ जमिनीत नेला. वायरमनने मोजलं तर न्यूट्रल-अर्थमध्ये पूर्वी १९ येत होते, आता २ येतात. परवा रात्री अडीचला प्रोटेक्टर पडला. उठून बघितलं तर आकडा २८१. मशीन मात्र फुस्स फुस्स चालूच होतं आणि आप्पा जागेही झाले नव्हते. मी तिथेच पडवीत बसून राहिले बराच वेळ.

अर्ज दिला. साहेबांनी ठेवून घेतला, पण आमच्या भागाच्या लाइनमनदादांनी स्वतःहून माझा नंबर घेतला. काल त्यांचा फोन आला, 'ताई, १० ते २ बंद घेतोय, आप्पांचं बघा.' १९१२ हा तक्रारीचा नंबरही भिंतीवर लिहून ठेवलाय.

सिस्टर, देवघरातलं निरांजन आता आई ओसरीवर लावते. ती आधी नाराज होती. आप्पाच म्हणाले, 'देवाला तिथूनही दिसतं.' सिलिंडर उशाशी बांधलाय, चावी त्यालाच लाल दोऱ्याने बांधली आहे. दर रविवारी आम्ही मेन पाडून बघतो. मशीन बंद केलं की आई सिलिंडर सुरू करते, नळी बदलते. चष्मा लावून, जपून करते. आप्पा मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजतात. पहिल्या रविवारी तीन मिनिटं लागली होती. काल पन्नास सेकंद.