ओपन स्पेसवर भाजीचे वाफे भाड्यानं द्यावेत का? सांगलीकरांनो, बोला

विश्रामबागवाला: लंडनमध्ये पालिका लोकांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्यानं देते. आपल्याकडं कॉलन्यांतल्या ओपन स्पेसवर गाजरगवत माजलंय. तिथं हे का नको? हौसही भागेल, ताजी भाजीही मिळेल.

गावभागकर: हौस? इंग्लंडात सामाईक कुरणांना कुंपणं घातली गेली, शेतमजुराकडं वीतभर रान उरलं नाही, तेव्हा पोटासाठी हे तुकडे मागितले गेले. 1908 चा कायदा त्याच मागणीतून आला. आजही सहा मतदारांनी लेखी मागणी केली की कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. जुन्या मापाचा तुकडा दहा रॉडचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. आपण काय केलं? शहराकडेचे मळे गुंठ्यागुंठ्यानं विकले, 2001 च्या गुंठेवारी कायद्यात नियमित करायला धावलो, आणि आता वाफे मागायचे!

मळीकाठ: "विकले" म्हणायला काय जातंय? आमच्या आज्याचं मळीचं रान होतं. पूर ओसरला की गाळावर वांगी, खत लागत नव्हतं. वाटण्या झाल्या, आत्याचं लग्न निघालं, गेलं रान. हौसेनं नाही विकलं.

हळदपेव: कृष्णाकाठची वांगी पुरे झाली राव. शहराचं सांडपाणी वाहणारा शेरीनाला नदीला कुठं मिळतो ते आधी बघा.

मळीकाठ: आमचं रान नाल्याच्या वरच्या अंगाला होतं. माहीत नसेल तर गप बसावं.

हळदपेव: पुराचं पाणी वरचं-खालचं बघत नाही. त्या नाल्याचं पाणी धुळगावच्या शेतीला न्यायची योजना झाली, तरी नदीची काय दशा आहे? चव गाळाची नसते, आज्याच्या आठवणीची असते.

मळीकाठ: आज्यावर जायचं काम नाही!

मिरजेची_सून: भांडा. पण मंडईतल्या चकचकीत वांग्याचं भरलं वांगं करून बघा, मसाला एकीकडं नि वांगं एकीकडं. चवीबाबत मळीकाठ खरं बोलतायत.

विश्रामबागवाला: मूळ मुद्दा वाफ्यांचा होता.

मिरजेची_सून: त्याचंही सांगते. आम्ही बायकांनी ओपन स्पेसवर मेथी-पालक लावला होता. कोंब वर आले आणि कुणीतरी रातोरात पत्र्याचं शेड ठोकलं. आता तिथं आरती असते, बोलायची सोय नाही. जर्मनीत म्हणे 400 चौरस मीटरपर्यंत तुकडा देतात, वर 24 चौरस मीटरची खोपी चालते. इथं खोपीला परवानगी दिली तर वर्षात भाडेकरू राहायला येईल.

गावभागकर: म्हणूनच ओपन स्पेस नको. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात, नाहीतरी घरं नकोतच, तिथं द्या वाफे. भाजी बुडली तर एक हंगाम जातो.

विश्रामबागवाला: म्हणजे माझी कल्पना बरोबर, फक्त जागा तुमची! उपकार झाले. सहा सह्या गोळा करू?

गावभागकर: तो कायदा तिकडचा. इथं साठ करा, आणि मोजणीवाल्याला आधी बोलवा.

हळदपेव: सह्या कराल हो. पाणी कुठलं घालणार? नाल्याचंच ना?

मळीकाठ: याला कुणीतरी आवरा.