मदत हवी आहे : गरम झाल्यावर बंद पडणारे पॉइंटचे इंजिन, दोष शोधत बसावे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे?

माझ्याकडे १९६० च्या दशकातील चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेली गाडी आहे. कार्ब्युरेटर, यांत्रिक पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग), पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी) एवढाच तिचा संसार आहे. थंड असताना इंजिन लगेच सुरू होते. परंतु अर्धा-पाऊण तास चालल्यावर ते आधी अडखळते, मग बंद पडते, आणि निवू दिले की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते.

पॉइंटचे अंतर ०.४ मिमी ठेवले आहे, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले आहेत, कार्ब्युरेटर साफ केला आहे आणि कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग) नवा टाकला आहे. उरतात त्या माझ्या मते दोनच शक्यता. एक म्हणजे कॉइल गरम होऊन ठिणगी क्षीण होत असावी. दुसरी म्हणजे इंजिनलाच जोडलेला पंप तापून, टाकीकडून येणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होत असावी, कारण त्या बाजूला पंप पेट्रोल ओढून घेतो आणि दाब कमी झाला की ते लवकर उकळते. या दोहोंतील एक निश्चित करायची तर गाडी बंद पडताच प्लग काढून ठिणगी पाहिली पाहिजे. पण बॉनेट उघडून हत्यारे हाती घेईपर्यंत इंजिन निवते आणि पुरावाच नाहीसा होतो.

जुने इंजिन साधे असते हे खरे आहे, पण तो साधेपणा रचनेचा आहे, निदानाचा नव्हे, असे मला आता वाटू लागले आहे. आधुनिक इंजिनात बहुधा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि दाबाखाली पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे वाफेचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. शिवाय बिघाड झाल्यास ईसीयू (इंजिनचा नियंत्रक संगणक) कोड नोंदवून ठेवतो आणि स्कॅनर लावला की शोधाची दिशा तरी मिळते. (कोड म्हणजे निदान नव्हे, हे मान्य आहे, सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच बदलणारे कमी नाहीत.) माझ्या इंजिनात मात्र प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो, हातांनी दुरुस्त होतो, आणि तरीही कोणता भाग दोषी आहे हे तो स्वतः सांगत नाही.

पॉइंट आणि कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये हॉल सेन्सरचे (चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या सेन्सरचे) इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवावे, असा सल्ला मला मिळाला आहे. त्यामुळे पॉइंटची झीज आणि त्यासोबत टायमिंग सरकणे थांबेल, हे पटते. माझी अडचण अशी की पॉइंट हळूहळू बिघडतात आणि पानापेचकसाने रस्त्यातही सावरता येतात, तर मोड्यूल गेले की गाडी जागीच उभी राहते. शिवाय मूळ दोष कॉइलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये असेल, तर या बदलाने तो जाणारच नाही.

जाणकारांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. गाडी बंद पडण्याच्या क्षणी ठिणगी आणि पेट्रोल यांतील काय कमी पडले, हे ओळखण्याची एखादी जलद पद्धत आहे का? मीटरच्या तारा कॉइलला जोडून गाडीच्या आत आणता येतील, की पंपानंतर पारदर्शक फिल्टर लावणे पुरेसे होईल?

दुसरे असे की माझ्या कॉइलचा प्राथमिक (कमी व्होल्टेजच्या गुंडाळीचा) रोध थंड असताना सुमारे १.५ ओहम भरतो आणि इग्निशन चालू असताना तिला थेट १२ व्होल्ट मिळतात. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक) कुठेही आढळला नाही. ही कॉइल आधीच्या मालकाने बदलली असून तिच्यावरील अक्षरे पुसट झाली आहेत. ती बॅलास्टसह वापरायची असेल, तर जास्त प्रवाहाने तापणे एवढ्यानेच हा सारा प्रकार घडू शकतो का, आणि तसे असल्यास रेझिस्टर बसवावा की ३ ओहमची कॉइल आणावी?